आचारी गावाला गेला की हॉटेल किती उरतं?

कोकणात हॉटेल चालवायचं तर दोन कॅलेंडरं लागतात, एक पाहुण्यांचं आणि एक स्टाफचं. दोन्ही एकमेकांच्या बरोबर उलटी चालतात. होळीला जोडून शनिवार-रविवार आला की पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास येतात, आणि तेव्हाच गावात शिमगा असतो. पालखी घरी येणार असताना आमच्या गावातली कुठलीही बाई दुसऱ्यांच्या चादरी बदलायला येत नाही, येऊही नये. गणपतीत तीच गत. हॉटेलात कामाला असलेली नेपाळी मुलं दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, घरी जातात ती तिहार करूनच परततात, आणि तिहार म्हणजे आपली दिवाळी, म्हणजे आमचा सीझन. थोडक्यात, हॉटेल ज्या दिवशी फुल्ल, त्या दिवशी हॉटेलबद्दल ज्यांना सगळं माहीत आहे त्यातली निम्मी माणसं जागेवर नसतात.

दापोली तालुक्यात समुद्राकाठी आमचं छोटं हॉटेल आहे. सासऱ्यांनी खानावळ म्हणून सुरू केलं, नवऱ्याने वर खोल्या चढवल्या. मी दादरच्या कॅटरिंग कॉलेजात शिकले, मुंबईत एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगला सुपरवायझर होते आणि मग इकडे आले. इथे सगळे मला वैनी म्हणतात, पाहुणेसुद्धा.

तर ‘सगळं माहीत असणं’ म्हणजे काय, ते आधी सांगते. कोपऱ्यातल्या खोलीत एसी आणि गीझर एकदम लावला की एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा खटका, पडतो. विहिरीचं पाणी मेमध्ये मचूळ व्हायला लागतं, तेव्हा फिल्टरचा विहिरीकडचा नळ बंद करून टाकीचा सोडायचा. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या खाल्लेल्या असतात, म्हणून मागचं दार उघडताना जरा उचलून धरायचं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आठवडाभराने चित्र बरोबर उलटं होतं. ‘गेल्या रविवारी मित्राने याच वेळी वाळूवर गाडी नेली होती’ असं म्हणणाऱ्याला किल्ली हातात घ्यायच्या आत थांबवायचं, नाहीतर संध्याकाळी ट्रॅक्टर शोधत फिरावं लागतं. हर्णै बंदरातला माशांचा लिलाव बघायला कुटुंब निघालं तर मुलांना चांगल्या चपला घालू नका म्हणायचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा सुरमई ‘ताजी’ आहे का असं कुणी विचारलं तर खरं काय ते सांगायचं.

यातलं एकही वाक्य कुठल्या फायलीत नव्हतं. काही आमच्या काकींच्या डोक्यात होतं, काही पंपवाल्याच्या, काही रात्रीच्या रिसेप्शनच्या पोराच्या. हॉटेलवाल्यांच्या मेळाव्यात सूटवाले वक्ते याला नॉलेज मॅनेजमेंट म्हणतात आणि पडद्यावर बाण काढून दाखवतात. त्यांची चेष्टा करायचा माझा इरादा नाही. बाण बरोबरच असतात. फक्त त्या बाणाच्या सुरुवातीला एक माणूस उभा असतो, आणि आपल्याला माहीत असलेलं त्याने दुसऱ्याला का सांगावं, याचं उत्तर पडद्यावर कधी नसतं.

मुंबईच्या हॉटेलात हे प्रश्न पडायचे नाहीत, कारण तिथे शिस्तच तशी होती. शिफ्ट सुरू होताना ब्रीफिंग, शिफ्ट संपताना लॉगबुक, प्रत्येक फ्लोअरला चेकलिस्ट. चादरींचा पार स्टॉक ठरलेला: एक जोड पलंगावर, एक लाँड्रीत, एक पँट्रीत. एखाद्या पाहुण्याला पिसांची उशी चालत नाही हे एकदा कळलं की पुढच्या वेळी तो यायच्या आधीच उशी बदललेली असायची, मग ड्युटीवर कुणीही असो. बाहेरच्यांना याची जादू वाटते. आतल्यांना माहीत असतं की कुणीतरी ते लिहिलं आणि कुणीतरी ते वाचलं. लिहिण्यापेक्षा वाचणं अवघड, हे माझं तिथलं पहिलं शिक्षण.

आमच्या धंद्यात यावर बोलताना रिट्झ-कार्लटन या बड्या हॉटेल कंपनीचं नाव निघतंच. त्यांना अमेरिकेचा माल्कम बाल्ड्रिज गुणवत्ता पुरस्कार १९९२ आणि १९९९ असा दोनदा मिळाला. गोष्ट सगळे सांगतात ती दोन हजार डॉलरची: कुठलाही कर्मचारी एका पाहुण्याची अडचण सोडवायला वरिष्ठांना न विचारता तेवढे खर्च करू शकतो. मला त्यांची दुसरी सवय जास्त मोलाची वाटते. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खिशात एक छोटं पॅड असायचं. पाहुण्याची आवडनिवड कानावर पडली की त्यावर टिपायची, ती पुढे संगणकात जायची, आणि त्यांच्या दुसऱ्या शहरातल्या हॉटेललाही ती दिसायची. दोन हजार डॉलर हा औदार्याचा भाग झाला. पॅड म्हणजे झाडू मारणाऱ्या माणसाने जे पाहिलं ते कंपनीच्या कामाचं आहे, असं कंपनीने मान्य करणं. आमच्याकडे डॉलर नाहीत. आमच्याकडे कुणीही मला न विचारता पाचशे रुपयांपर्यंत खर्च करतो आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या नोंदवहीत का ते लिहितो. त्या ‘का’साठी पाचशे रुपये स्वस्त आहेत.

आता स्वयंपाकघरात येते, कारण खरी अडचण तिथे आहे.

आमचे आचारी, त्यांना सगळे मामा म्हणतात, सासऱ्यांच्या वेळचे. बांगड्याचं तिरफळ (कोकणातला झणझणीत वासाचा मसाला) घातलेलं सार ही आमची ओळख. परत येणारे पाहुणे फोनवर आधी खोली नाही विचारत, ‘मामा आहेत ना?’ असं विचारतात. धंद्याच्या दृष्टीने ही जितकी अभिमानाची तितकीच धोक्याची गोष्ट. मामा एकदा मुलीच्या बाळंतपणाला गावी गेले आणि त्या दिवसांत आलेल्या पाहुण्यांनी ऑनलाइन लिहिलं की जेवण ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’. आमच्या हॉटेलचं रेटिंग म्हणजे मामांची हजेरी होती.

मी कृती लिहून घ्यायला बसले. मामा म्हणाले, “वैनी, ह्यात लिवायचं काय? अंदाजानं.” खोटं बोलत नव्हते ते. खोबरं किती, तर खोबऱ्यावर. नारळ जून असेल तर खोबऱ्याचं वाटप, म्हणजे वाटण, कोरडं होतं, कोवळा असेल तर पाणी सुटतं. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, किती, तर यंदाचं आगळ किती खारट त्यावर.

या ‘अंदाजाने’ची एक जपानी गोष्ट मला फार आवडते. इकुजिरो नोनाका या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी ती जगापुढे आणली. १९८५च्या सुमारास ओसाकाची मात्सुशिता कंपनी घरगुती पाव बनवायचं यंत्र करत होती. पाव जमेना: वरून करपायचा, आत कच्चा. यंत्राने मळलेल्या आणि माणसाने मळलेल्या कणकेचे एक्स-रेसुद्धा काढून बघितले, तरी उलगडा होईना. तेव्हा इकुको तानाका नावाची त्यांची सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेली, कारण शहरात त्याच्या पावाचं नाव होतं. तिच्या लक्षात आलं की तो कणीक ताणताना एका विशिष्ट तऱ्हेने पीळ देतो. पुढे इंजिनिअरांबरोबर वर्षभर खटपट करून यंत्राच्या आत खास कंगोरे बसवले आणि तो पीळ यंत्रात आला. एक्स-रेला जे दिसलं नाही ते शेजारी उभं राहिल्यावर दिसलं.

मी हे वाचलं तेव्हा डोक्यात मोदक आला. उकड किती मळायची हे कुणी मिनिटांत सांगून दाखवावं.

म्हणून विचारणं बंद केलं आणि वजनकाटा आणला. मामांनी काहीही मोजायचं नाही, नेहमीसारखं करायचं. स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी तिखटाचा, हळदीचा, मिठाचा डबा, आगळाची बाटली, खोबऱ्याची परात, सगळ्यांचं वजन करायचं आणि झाल्यावर पुन्हा करायचं. वजाबाकी म्हणजे मामांचा अंदाज. असं वेगवेगळ्या दिवशी केलं आणि गंमत अशी की मामांचा अंदाज थक्क होण्याइतका पक्का निघाला. मीठ, तिखट जवळजवळ हललं नाही. हलत होतं ते खोबरं आणि आगळ, म्हणजे ते म्हणत होते तेच. मग कृतीचं एक कार्ड केलं, त्यावर मीठ-तिखटापुढे आकडा लिहिला आणि खोबऱ्यापुढे काय बघायचं ते लिहिलं: वाटप बोटाने उचललं तर थांबलं पाहिजे, ओघळता कामा नये. तिरफळं ठेचायची, बी काढायची, शेवटी घालायची. ते कार्ड वाचून मासा करणाऱ्याला मामांच्या शेजारी उभं राहावं लागतंच. पण महिनोन्‌महिने नाही.

यात एक हिशेब आपोआप हाती लागला. सुरमईची तुकडी मामा कापत तेव्हा एका मापाची असायची, दुसऱ्याने कापली की जाड. समजा तुकडीमागे ४० ग्रॅम जास्त गेले आणि लांबच्या सुट्टीत शंभर थाळ्या गेल्या, तर ४ किलो मासा फुकट वाटला. हजार रुपये किलोने धरा, चार हजार. मामांच्या हातातला सुरा आमच्या नफ्या-तोट्याच्या पत्रकात होता आणि कुणाला दिसत नव्हता.

पण मामांनी काटा लावू का दिला? सुरुवातीला दिला नव्हता. डबे बाजूला सारून ठेवायचे, मी आले की दुसरं काम काढायचे. मला वाटलं, स्वभाव. मग काकींनी सांगितलं. तरुणपणी मामा दुसऱ्या एका हॉटेलात होते. मालकाने हाताखाली मुलगा दिला, ‘शिकव’ म्हणाला. मामांनी मनापासून शिकवलं. मुलगा तयार झाल्यावर मालकाने मामांना पुढच्या सीझनला बोलावलंच नाही, कारण मुलगा निम्म्या पगारात तेच करत होता.

यानंतर मामांना ‘नॉलेज शेअरिंग’ शिकवायची माझी हिंमत नाही. त्यांच्या डोक्यातली कृती म्हणजे त्यांचा प्रॉव्हिडंट फंड होता. तो कागदावर उतरवून मागणं म्हणजे बँकेचं पासबुक मागण्यासारखं, आणि बदल्यात आम्ही काय देत होतो? एक चहा.

हॉटेल व्यवसायातल्या शिकण्या-शिकवण्याबद्दल जे काही मी वाचते त्यात संस्कृती, नेतृत्व, तंत्रज्ञान हे सगळं असतं, आणि पावसाळ्याचा पगार नसतो. आमच्या किनाऱ्यावर बरेच मालक जूनमध्ये स्टाफ घरी पाठवतात आणि दिवाळीला नवी भरती करतात. चार महिन्यांचा पगार वाचतो. त्याबरोबर एमसीबी, मचूळ पाणी, भरती आणि तिरफळ हे सगळं घरी जातं, आणि दिवाळीत पाहुण्यांच्या खर्चाने नव्याने शिकलं जातं. तो खर्च हिशेबाच्या वहीत कुठे दिसत नाही म्हणून पगार वाचल्यासारखा वाटतो.

आम्ही नवरा-बायको यावरून बरेच भांडलो. शेवटी ठरलं ते असं: मुख्य माणसांना पावसाळ्यात कामावर ठेवायचं, पगार थोडा कमी पण नक्की. जो दुसऱ्याला शिकवेल त्याला शिकवण्याचे वेगळे पैसे. आणि कार्डावर नाव, ‘मामांचं बांगड्याचं सार’, मेनूवरसुद्धा तेच. मामा आता स्वतः काटा मागतात. नवीन पोराने मीठ चुकवलं की कार्डावर बोट ठेवून ओरडतात, “माझं नाव हाय त्याच्यावर!”

पावसाळ्यात मग शाळा भरते. माशांच्या होड्या बंद, पाहुणे फक्त शनिवार-रविवारचे. रिसेप्शनचा पोरगा भाकरी थापायला शिकतो, खोल्या करणाऱ्या ताई बुकिंगचं सॉफ्टवेअर शिकतात, मी एसीचे फिल्टर कसे धुवायचे ते पुन्हा शिकते. नेपाळी मुलांचं मला आधी अवघड वाटलं होतं. पण नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्यामुळे आमची मराठी वही ते सावकाश का होईना वाचतात. काकींना लिहायचा कंटाळा आहे. त्या बोलतात आणि दुसरं कुणी लिहून घेतं. कुणी फोटो काढून चिकटवतं. वहीला शुद्धलेखनाची अट नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपही करून पाहिला. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुणाच्या तरी पुतण्याचा वाढदिवस, आणि मधे कुठेतरी ‘चार नंबरचा फ्लश गळतोय’. प्लंबर आला तेव्हा तो मेसेज शोधायला जितका वेळ लागला तितक्यात वॉशर बदलून झाला असता. निरोपाला ग्रुप चांगला, आठवणीला वहीच.

तक्रारींचं मात्र वहीने भागत नाही. ‘गरम पाणी नव्हतं’ ही तक्रार आमच्याकडे पुन्हा पुन्हा यायची. दर वेळी आम्ही तेच करायचो: माफी मागायची, बादलीभर पाणी पाठवायचं, पोराला दोन शब्द सुनवायचे. वहीत नोंद झाली, काम झालं असं वाटायचं. क्रिस आर्गिरिस नावाचे व्यवस्थापनातले अभ्यासक होते, त्यांचं थर्मोस्टॅटचं उदाहरण प्रसिद्ध आहे. खोली गार झाली की तो हीटर लावतो, गरम झाली की बंद करतो, पण मुळात हेच तापमान का ठरवलं असं तो कधी विचारत नाही. आमची वही तशी थर्मोस्टॅट झाली होती. पावसाळ्यात रिकाम्या वेळी कुणीतरी सगळ्या तक्रारींपुढे खोली नंबर लिहून काढले, तर सगळ्या टोकाच्या खोल्या. गच्चीवरच्या सोलरपासून तिथपर्यंत लांब पाइप, त्यात रात्रभर गार झालेलं पाणी. नळ काही मिनिटं सोडून ठेवला की गरम येत होतं, पण पाहुणा तेवढा थांबत नव्हता, आणि विहिरीवर जगणाऱ्या गावात त्याने पाणी तसं वाहू देऊही नये. त्या खोल्यांना छोटे गीझर बसवले. तक्रार संपली. पोराला सुनावलेले शब्द मात्र परत घेता आले नाहीत. तो तेव्हाच सोडून गेला होता.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा वही वगैरे कुठल्या कुठे होती. या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले, वीज आणि फोन कितीतरी दिवस बंद. त्यातून एक कागद मात्र तयार झाला आणि तो मीटरच्या खोलीत लॅमिनेट करून लावला आहे: गच्चीवरून काय काय खाली आणायचं, डिझेल किती भरून ठेवायचं, रोख पैसे, पाहुण्यांचे आणि त्यांच्या घरचे नंबर फोनमध्ये नको, कागदावर हवेत. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. कोविडचे निर्बंध होते, पाहुणे नव्हतेच. पण नवरा रत्नागिरीला होता आणि पंपवाल्याने तो कागद वाचून सगळं एकट्याने आवरलं होतं. मी फोन केला तर म्हणाला, “कवाच झालं.”

एक गोष्ट आम्ही लिहीत नाही. कोण कुणाबरोबर आलं होतं, कुणी किती घेतली, कुठलं जोडपं भांडलं. खोल्या करणाऱ्यांना हॉटेलातलं सगळ्यात जास्त माहीत असतं आणि त्यांनी ते विसरायचं असतं. मुंबईत हे पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे काउंटरखाली पडलेले मी अनेक ठिकाणी पाहते आणि अंगावर काटा येतो. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली आला, पण झेरॉक्सच्या गठ्ठ्याला कुलूप लावायला कायद्याची वाट कशाला बघायची?

नवऱ्याचा जुना प्रश्न अजून आहेच: “एवढं शिकवून उद्या पोरगा समोरच्या हॉटेलात गेला तर?” गेलाच एक. मामांच्या हाताखाली तयार झालेला, दोन गावं सोडून नव्या रिसॉर्टला, आमच्यापेक्षा बऱ्याच जास्त पगारावर. नवऱ्याने आठवडाभर तोंड फुगवलं. मामा मात्र खूश होते, त्यांचा माणूस हेड कुक झाला म्हणून. आता लांबच्या सुट्टीला आम्ही फुल्ल झालो की जादा फोन त्याच्याकडे वळवतो आणि त्यांच्याकडे जागा संपली की ते आमच्याकडे. गेल्या सीझनला आम्ही पाठवलेलं एक कुटुंब परत आलं तेव्हा म्हणालं, “तिथेही बांगडा अगदी असाच होता.” मामांनी आतून ओरडून विचारलं, “तिखट जास्त व्हतं ना?”